अँटिऑक्सिडंट प्रोफाइल आणि गंभीर मानसिक आजार: या पॅकेजमधलं काय घ्यावं, काय सोडावं

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्याचा आजार घरात असला की कधी ना कधी हे पॅकेज समोर येतंच. नाव कुठे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस पॅनेल, कुठे अँटिऑक्सिडंट प्रोफाइल. आतला माल बहुतेक सारखाच: टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी, ग्लुटाथायोन, एसओडी, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही बचावाची एन्झाइमं, एमडीए, क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, झिंक. प्रत्येक आकड्यापुढे वरचा किंवा खालचा बाण आणि शेवटच्या पानावर सप्लिमेंटची यादी. हे परीक्षण या पॅकेजच्या प्रकाराचं आहे, कुठल्या एका लॅबचं नव्हे.

मत आधीच सांगून टाकतो. आजाराचं निदान करायला किंवा चालू औषध बदलायला या रिपोर्टचा उपयोग नाही. यातल्या तीन-चार तपासण्या ठरावीक परिस्थितीत खरोखर लागतात, पण त्या सुट्या मिळतात आणि सुट्याच कराव्यात. पाचपैकी दीड तारा, आणि तोही त्या सुट्या तपासण्यांमुळे.

याचा अर्थ मूळ कल्पनाच भोंदू आहे असा कुणी घेऊ नये. ती कल्पना अशी: ऑक्सिजन वापरताना पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात, अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात, आणि ते कमी पडले की होणारं नुकसान, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, या आजारांत हातभार लावत असावं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा घेतो. त्याच्या पेशींच्या आवरणात सहज ऑक्सिडाइज होणारी मेदाम्लं भरपूर असतात. तिथे बचावाची मुख्य भिस्त ग्लुटाथायोनवर, म्हणजे ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये, पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात ग्लुटाथायोन २७ टक्के आणि स्कॅनवर मेंदूच्या पुढच्या मधल्या भागात ५२ टक्के कमी असल्याचं दाखवलं. पुढच्या अभ्यासांत हा फरक बराच लहान निघाला, तरी विषय टिकून राहिला. रक्ताबद्दल २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेलं विश्लेषण महत्त्वाचं आहे. त्यात लाल पेशींतलं एसओडी पहिल्यांदा आजार झालेल्यांत, पुन्हा उलटलेल्यांत आणि औषधांवर स्थिर असलेल्यांत, तिन्हीकडे कमी आढळलं. टोटल अँटिऑक्सिडंटची पातळी मात्र पहिल्या झटक्यात उतरलेली आणि उपचारानंतर चढलेली दिसली. बायपोलरमध्ये मेदाच्या ऑक्सिडेशनच्या खुणा रक्तात वाढलेल्या असतात, हेही अशा संकलनांतून पुढे आलं आहे.

मग अडचण कुठे? हे सगळं गटांच्या सरासरीचं आहे आणि पॅकेज विकलं जातं एका माणसाला. समजा रुग्ण आणि निरोगी या दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) फरक आहे. संशोधनात एवढा फरक मध्यम, म्हणजे चांगलाच धरला जातो. आता दोन्ही गटांतून डोळे मिटून एकेक माणूस उचला. रुग्णाचा आकडा कमी निघेल शंभरातून साधारण ६४ वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० वेळा निघाला असता. म्हणजे निरोगी माणसाचा आकडा रुग्णापेक्षा कमी असणं ही रोजची गोष्ट आहे आणि रुग्णाचा आकडा अगदी उत्तम असणंही तितकंच साधं. त्यातून आजार नाही किंवा आजार बळावलाय असं काहीच म्हणता येत नाही. रिपोर्टवरची ‘नॉर्मल रेंज’ अनेकदा किटसोबत आलेल्या कागदावरची असते. ती कोणत्या वयाच्या, किती माणसांवरून काढली, हे लॅबला विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही तर त्या बाणाला काही अर्थ उरत नाही.

आता एकेक तपासणी घेऊ.

सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत छापलेली टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी हीच आमच्या मते सगळ्यात फसवी. एका रंगीत रसायनात प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्तातला द्रव, घालायचा आणि रंग किती बदलतो ते मोजायचं, एवढीच ती चाचणी. पण तो रंग बदलतं कोण? फ्रॅप नावाच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त काम एकटं युरिक ॲसिड करतं, आणि इतर पद्धतींत युरिक ॲसिडच्या जोडीला अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन मोठा वाटा उचलतं. बिलिरुबिनही हातभार लावतं. परिणाम असा की गाउट असलेल्याचा किंवा किडनी मंदावलेल्याचा आकडा झकास येतो. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन या अँटिसायकोटिक औषधांवर वजन वाढून मेटाबॉलिक सिंड्रोम (वजन, साखर आणि मेद एकत्र बिघडणं) झाला, युरिक ॲसिड चढलं, तरी रिपोर्ट म्हणणार ‘अँटिऑक्सिडंट क्षमता उत्तम’. उलट भ्रमाच्या भरात महिनाभर धड न जेवलेल्या माणसाचं अल्ब्युमिन उतरलेलं असतं, म्हणून आकडा खाली. त्याला जेवण हवंय, गोळ्यांचा डबा नकोय. शिवाय फ्रॅप पद्धतीत ग्लुटाथायोन जवळजवळ मोजलंच जात नाही, म्हणजे या आजारांत ज्याची सर्वांत जास्त चर्चा आहे तेच निसटतं. हा आकडा वाचायचाच असेल तर त्याच नमुन्यातलं युरिक ॲसिड, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन शेजारी मांडून वाचा. पॅकेजमध्ये हे तीन नसतील तर तो कॉलम सोडून द्या.

ग्लुटाथायोनचं वेगळं आहे. हा घटक अभ्यासण्याजोगा खरा, पण नमुना बिघडण्याची शक्यताही इथेच सगळ्यात जास्त. लाल पेशींच्या आत ग्लुटाथायोन साधारण २ मिलिमोल प्रति लिटर असतं आणि बाहेर प्लाझ्मात २ ते ४ मायक्रोमोल. आत-बाहेर पाचशे ते हजारपट तफावत. बारीक सुईतून जोरात ओढल्यामुळे, ट्यूब गदागदा हलवल्यामुळे किंवा वाटेतल्या उन्हामुळे दर ५०० पेशींतली फक्त एक जरी फुटली, तरी प्लाझ्मात ३ मायक्रोमोलच्या आसपास भर पडते, म्हणजे आकडा जवळपास दुप्पट. तेवढ्या फुटीने प्लाझ्माला येते ती नुसती फिकट गुलाबी झाक, घाईत नजरेतून सुटेल अशी. म्हणून ‘प्लाझ्मा ग्लुटाथायोन’ असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. मोजायचंच तर पूर्ण रक्तात किंवा लाल पेशींत, आणि प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन. ॲनिमिया असलेल्याचं प्रति मिलिलिटर ग्लुटाथायोन नुसत्या पेशी कमी असल्यामुळेही उतरतं.

दुसरी अडचण वेळेची. शिरेतून बाहेर आल्याबरोबर ग्लुटाथायोन ऑक्सिडाइज व्हायला लागतं. निरोगी रक्तात त्याचं ऑक्सिडाइज झालेलं रूप अगदी थोडं असतं, शंभरात एक भागाच्याही आत. त्यामुळे नमुन्यातलं केवळ १ टक्का ग्लुटाथायोन ट्यूबमध्येच ऑक्सिडाइज झालं, तरी ते थोडं रूप दुप्पट होऊ शकतं आणि दोन्हींचं गुणोत्तर निम्म्यावर येतं. रिपोर्टवर छापून येतं ‘तीव्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’, पण तो ताण माणसाच्या शरीरातला नसून कुरिअरच्या पिशवीतला. हे टाळायचं तर रक्त काढल्याक्षणी ट्यूबमध्ये एन-इथाइलमॅलेमाइड हवं, जे ग्लुटाथायोनला आहे त्या रूपात पकडून ठेवतं. त्यानंतर मेटाफॉस्फॉरिक किंवा सल्फोसॅलिसिलिक ॲसिडने प्रथिनं काढून टाकायची आणि उणे ८० अंशांवर साठवण. घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाच्या पेटीत साधी जांभळ्या बुचाची ईडीटीए ट्यूब आणि एक बर्फाची पिशवी असते. त्या ट्यूबमधून मोजलेलं एकूण ग्लुटाथायोन फार तर अंदाजापुरतं चालेल. त्यावरून काढलेलं गुणोत्तर नको.

लाल पेशींतलं ग्लुटाथायोन खरोखरच कमी निघालं तर पहिला प्रश्न मानसिक आजाराचा नसावा. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का, हे आधी पाहा. या एन्झाइममुळेच पेशीला ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करायला लागणारं इंधन मिळतं. ते कमी असेल तर काही औषधांनी लाल पेशी फुटतात, आणि शिरेतून दिलेला क जीवनसत्त्वाचा मोठा डोसही अशा माणसाला धोक्याचा. ‘अँटिऑक्सिडंट ड्रिप’ देणाऱ्यांनी ही तपासणी आधी केली नसेल तर हात पुढे करू नका.

एसओडी, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमांबद्दल थोडक्यात. ही ग्लुटाथायोनपेक्षा टिकाऊ, त्यामुळे नमुना वाहतुकीत तितका बिघडत नाही. गोची एककांत आहे. एसओडीचं एक ‘युनिट’ म्हणजे त्या विशिष्ट चाचणीतली रासायनिक क्रिया निम्म्यावर आणणारं प्रमाण. चाचणी बदलली की युनिट बदललं. म्हणून एका लॅबचे १२०० आणि दुसऱ्या लॅबचे ९०० यांची तुलना करता येत नाही. शिवाय एन्झाइम वाढलेलं चांगलं की कमी झालेलं, हेही सरळ नाही. ताण वाढला म्हणून शरीराने एन्झाइम वाढवलं असेल, किंवा ताणाखाली ते झिजलं असेल. ‘लो’ म्हणजे वाईट आणि ‘हाय’ म्हणजे छान असं छापणाऱ्या रिपोर्टने हा विचार केलेलाच नसतो. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं, तेव्हा ते बरंच कमी असेल तर सेलेनियम पाहणं रास्त.

एमडीए म्हणजे मेद ऑक्सिडाइज झाल्यावर उरणारा तुकडा. स्वस्त पद्धतीत नमुन्यात थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून ९५ अंशांच्या आसपास तापवतात, गुलाबी रंग येतो आणि तो ५३२ नॅनोमीटरवर वाचतात. त्या उष्णतेत नमुन्यातला मेद तिथल्या तिथे ऑक्सिडाइज होऊन नवीन एमडीए तयार होतं, आणि काही शर्करा व बिलिरुबिनही रंगात भर घालतात. ट्रायग्लिसराइड चढलेल्या माणसाचा प्लाझ्मा दुधाळ असतो, त्यात आकडा आणखी फुगतो. अँटिसायकोटिक औषधांवर ट्रायग्लिसराइड चढणं अगदी नेहमीचं, त्यामुळे नेमक्या याच रुग्णांत ही चाचणी सर्वांत कच्ची ठरते. तापवण्याआधी बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घातलं का आणि वाचन एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) केलं का, हे दोन प्रश्न विचारा. मेदाच्या ऑक्सिडेशनचं जास्त भरवशाचं मोजमाप म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलेले एफ-२ आयसोप्रोस्टेन. ते या पॅकेजमध्ये क्वचितच असतात.

जीवनसत्त्वं आणि खनिजं हा या पॅकेजचा कामाचा भाग. दीर्घकाळ आजारी, एकटा राहणारा, ठरावीकच काहीतरी खाणारा, भरपूर सिगारेट ओढणारा माणूस असेल तर क जीवनसत्त्वाची खरीखुरी कमतरता निघू शकते आणि ती भरून काढणं सोपं असतं. प्लाझ्मात ११ मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली गेलं तर ती उघड कमतरता. हिरड्यांतून रक्त, थकवा, न भरणाऱ्या जखमा ही लक्षणं औषधाचे दुष्परिणाम किंवा ‘आळस’ समजून सोडून दिली जातात, याचं फार वाईट वाटतं. मात्र हा नमुनाही नाजूक: उपाशीपोटी, प्रकाशापासून झाकून, लगेच थंड करून आणि मेटाफॉस्फॉरिक ॲसिड घालून ठेवावा लागतो. साध्या ट्यूबमध्ये चार तास पडलेल्या रक्तात क जीवनसत्त्व कमी निघणारच.

ई जीवनसत्त्वात उलटी चूक होते. ते रक्तात कोलेस्टेरॉलच्या गाडीवर बसून फिरतं. औषधामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसात नुसता आकडा नॉर्मल दिसतो, कारण गाड्याच जास्त झालेल्या असतात. म्हणून आकड्याला कोलेस्टेरॉलने भागायचं: प्रति मिलिमोल कोलेस्टेरॉलमागे २.२५ मायक्रोमोलपेक्षा कमी आलं तर कमतरता. उदाहरणार्थ ई जीवनसत्त्व १५ मायक्रोमोल आणि कोलेस्टेरॉल ७.५ मिलिमोल असेल, तर भागाकार २ येतो. रिपोर्टवर बाण नसला तरी ही कमतरताच.

झिंक आणि सेलेनियमसाठी धातूमुक्त, गडद निळ्या बुचाची ट्यूब लागते. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही झिंक मिसळतं. अंगात ताप, संसर्ग किंवा सूज (इन्फ्लमेशन, बाहेरून दिसेलच असं नाही) असताना झिंक, सेलेनियम आणि क जीवनसत्त्व रक्तात आपोआप उतरतात, शरीराचा साठा रिकामा नसतानाही. तीव्र झटक्यात भरती झालेल्या माणसाच्या अंगात बऱ्याचदा थोडी सूज असते. त्यामुळे त्याच नमुन्यात सीआरपी, म्हणजे ही सूज दाखवणारी तपासणी, करून घ्या. ते चढलेलं असेल तर या तिन्हींवर निर्णय घेऊ नका.

पॅकेजवाल्यांचा पुढचा आग्रह असतो: तीन महिने सप्लिमेंट घ्या, मग पुन्हा तपासा आणि सुधारणा बघा. ही सुधारणा किती झाली की खरी मानायची? समजा मोजमापाची चूक ८ टक्के आहे आणि त्या माणसातली रोजची नैसर्गिक चढउतार १० टक्के. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की १२.८ येतात. त्याला २.७७ ने (दोन मोजमापांतला फरक ९५ टक्के खात्रीने खरा मानण्यासाठीचा ठरलेला गुणक) गुणलं की साधारण ३५. म्हणजे दोन रिपोर्टांत ३५ टक्क्यांहून कमी फरक असेल तर तो नुसत्या हेलकाव्यातूनही येऊ शकतो. १०० चे १२५ झाले म्हणून हिरवा बाण दाखवणारा रिपोर्ट काहीच सिद्ध करत नाही. लॅबकडे स्वतःच्या चुकीचा आकडा असायलाच हवा. मागा, आणि हा हिशोब स्वतः करा.

तंबाखूचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत धूम्रपानाचं प्रमाण खूप जास्त आहे, आणि धूर क जीवनसत्त्व जाळतो. अमेरिकी शिफारशीत धूम्रपान करणाऱ्यांना रोज ३५ मिलिग्रॅम जास्त क जीवनसत्त्व सांगितलं आहे. रिपोर्टमधले निम्मे लाल बाण आजाराचे की सिगारेटचे, हे कुठलंही पॅनेल वेगळं करून दाखवत नाही. सिगारेट सुटली तर उत्तमच. पण क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. धुरातले घटक यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढवून ठेवतात आणि औषध लवकर संपतं. सिगारेट बंद झाली की काही दिवसांतच क्लोझापिनची रक्तातली पातळी ५० टक्के किंवा त्याहूनही जास्त चढू शकते, मग गुंगी, लाळ, फिट. निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम हा परिणाम रोखत नाही, कारण एन्झाइम वाढवणारे घटक धुरातले, निकोटिनचे नव्हेत.

शेवटच्या पानावरची सप्लिमेंटची यादी हा पॅकेजचा आम्हाला सर्वांत खटकणारा भाग. त्यातलं एन-ॲसिटिल सिस्टीन, म्हणजे एनएसी, हे एकच नाव गंभीरपणे बोलण्यासारखं. ते शरीराला सिस्टीन पुरवतं आणि त्यातून ग्लुटाथायोन बनतं. २००८ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जुनाट स्किझोफ्रेनियाच्या १४० जणांना चालू औषधांसोबत रोज २ ग्रॅम एनएसी किंवा खोटी गोळी २४ आठवडे दिली. एनएसी घेणाऱ्यांच्या नकारात्मक लक्षणांत, म्हणजे उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, यांत मध्यम सुधारणा दिसली. भ्रम आणि भास यांत नाही. २०१८ च्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३ जणांना रोज २.७ ग्रॅम एनएसी किंवा खोटी गोळी सहा महिने दिली. एनएसीने मेंदूतलं ग्लुटाथायोन २३ टक्के वाढलं, विचारांचा वेग सुधारला, पण लक्षणं एकूण गटात बदलली नाहीत. मात्र ज्यांच्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज सुरुवातीलाच जास्त होतं, त्यांच्यात भ्रम-भासांतला बदल ऑक्सिडेशनच्या स्थितीतल्या बदलाशी जोडलेला दिसला. रक्ताच्या आकड्यावरून उपचार निवडता येईल याची ही सर्वांत आशादायक खूण आहे. तो छोट्या उपगटाचा निष्कर्ष आहे, म्हणून अजून वापरण्याजोगा नाही, पण या दिशेने काम व्हायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. २०१९ साली बायपोलर नैराश्यात मात्र एनएसीचा फायदा दिसला नाही. डॉक्टरांशी बोलून सुरू केलं तर मळमळ आणि गंधकाचा वास सोडता बहुतेकांना ते सोसतं. दमा असेल किंवा छातीदुखीसाठी नायट्रोग्लिसरीन चालू असेल तर सांभाळून. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं आणि सोडियम वाढलं की लिथियम या बायपोलरच्या औषधाची पातळी खाली येते, म्हणून लिथियमवर असलेल्यांनी कॅप्सूल मागावी.

बाकीच्या यादीबद्दल सावध राहा. नॉर्वेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र झटक्यातल्या तरुण रुग्णांना १६ आठवडे रोज ३६४ मिलिग्रॅम ई आणि १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं होतं. ज्यांच्या रक्तपेशींत बहुअसंतृप्त मेदाम्लं कमी होती त्यांना नुसती ही जीवनसत्त्वं दिल्यावर भ्रम, विशेषतः कुणीतरी आपल्या मागावर आहे हा भ्रम, जास्त बिघडला. अँटिऑक्सिडंट आहे, नुकसान काय होणार, या म्हणण्याला हे सरळ उत्तर आहे. टार्डिव्ह डिस्कायनेसियासाठी, म्हणजे औषधाने येणाऱ्या तोंडाच्या आणि जिभेच्या अनिच्छित हालचालींसाठी, ई जीवनसत्त्वाचे १६०० युनिटचे डोस मोठ्या चाचणीत १९९९ साली फोल ठरले. बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढल्याचं १९९४ मध्ये फिनलंडच्या चाचणीत दिसलं, आणि आपल्या रुग्णांत सिगारेट ओढणारे किती हे वर आलंच आहे. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. मिश्र डब्यात बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, आणि लिथियमवर असलेल्या माणसाचा थायरॉइड रिपोर्ट चुकणं परवडणारं नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती असलेला डबा तर परत करा: तो अनेक औषधं लवकर संपवतो आणि बायपोलरमध्ये उन्माद चाळवू शकतो.

रिपोर्टच्या भाषेचाही त्रास होतो. आपल्या शरीरात कुणीतरी विष कालवतंय अशी ज्याची समजूत आहे, त्याच्या हातात ‘सेल डॅमेज: हाय’ असं लाल अक्षरांत छापलेला कागद देणं म्हणजे त्याच्या भीतीवर शिक्का मारणं. रिपोर्ट आधी डॉक्टरांनी वाचावा आणि मग त्याला सोप्या शब्दांत सांगावा. लपवू नये, पण कागद नुसता हातात ठेवूही नये. आणि ‘मूळ कारण सापडलं’ म्हणून चालू औषध बंद करणं हा या पॅकेजचा सर्वांत मोठा धोका आहे. आजार उलटायला त्याहून सोपी वाट नाही.

तेवढंच रक्त कामी लावायचं असेल तर उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड, थायरॉइडसाठी टीएसएच, बी १२, फोलेट, यकृत आणि किडनीच्या तपासण्या करा. लिथियमवर असाल तर कॅल्शियम आणि लिथियमची पातळी, क्लोझापिनवर असाल तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या. तरुण वयात मानसिक लक्षणांसोबत हात थरथरणं किंवा यकृताची गडबड असेल तर सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन तपासा, कारण तांबं साठण्याचा विल्सन आजार असाच दिसू शकतो आणि वेळेत कळला तर त्यावर उपचार आहे. या यादीतल्या प्रत्येक आकड्यावर करण्यासारखं काहीतरी ठरलेलं आहे.

एवढं करूनही कुणाला पॅनेल करायचंच असेल, एखाद्या संशोधनात नाव घातलं असेल किंवा डॉक्टरांनीच मागितलं असेल, तर घरून रक्त देऊ नका. जिथे यंत्र आहे तिथे जा, म्हणजे ट्यूब काही मिनिटांत थंड सेंट्रिफ्यूजमध्ये जाईल. बारा तास उपाशी राहा, सकाळची पहिली सिगारेट रक्त देऊन झाल्यावर, आणि आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराच्या आत सोडायला सांगा आणि ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायला सांगा, हलवायला नव्हे. फॉर्मवर औषधांची नावं, डोस, चालू सप्लिमेंट, शेवटचं जेवण आणि शेवटची सिगारेट यांच्या वेळा लिहा. प्लाझ्मा वेगळा झाल्यावर तो पिवळसर आहे की गुलाबी, हे स्वतः विचारा. गुलाबी असेल तर त्याच वेळी दुसरी ट्यूब द्या. आणि अंगात ताप असेल, नुकतीच दातदुखी झाली असेल किंवा रात्र जागून काढली असेल तर तो दिवस सोडा, दोन-तीन आठवड्यांनी या.